प्रतवारी करणाऱ्या त्रयस्थ सेवेवर विश्वास ठेवायचा, तो कशाच्या आधारावर?

सुटे_नाणे (धागालेखक):

गेली बारा-तेरा वर्षे मी सुटीच नाणी गोळा करीत आलो. भिंग, तराजू आणि दोन-तीन संदर्भग्रंथ एवढ्यावर माझे भागत होते आणि चूक झालीच तर ती माझीच असे. आता मात्र ज्या मालिकांकडे मी वळलो आहे, त्यांतली बहुतेक बरी नाणी बाजारात येतात तीच मुळी प्रतवारी करणाऱ्या सेवेने सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, वर प्रतीची चिठ्ठी घेऊन. त्यामुळे नाण्याची पारख करण्याआधी चिठ्ठीची पारख करणे भाग पडते, आणि ती कशी करावी हे मला नीट उमगलेले नाही.

निमित्त असे झाले. माझ्याकडे दोन मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचे जुने चांदीचे डॉलर, आहेत. वर्ष एक, टांकसाळ एक, दोन्हींवर 'एमएस ६४' (न वापरलेले नाणे, ७० पैकी ६४ वी प्रत) असे लिहिलेले, पण स्लॅब दोन निरनिराळ्या सेवांचे. एकातल्या लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्त्रीमुखाच्या, गालावर नजरेत भरावेत असे दोन घाव आहेत. दुसरे इतके निर्मळ आहे की त्याला ६५ म्हटले असते तरी मी वाद घातला नसता. हे पाहून चक्रावलेलो असतानाच एका नव्या सेवेची माहिती हाती आली. शुल्क कमी, काम लवकर, आणि परीक्षकांच्या अनुभवाविषयी भरपूर मजकूर.

मला सेवांची क्रमवारी नको आहे, निकष हवे आहेत. माझे मत असे होत चालले आहे की प्रत हे शेवटी मतच असल्यामुळे 'विश्वासार्ह प्रत' हा शब्दप्रयोगच फसवा आहे. हे मत चुकीचे असेल तर ते कसे चुकीचे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

भिंगवाला:

आपला प्रश्न एक दिसत असला तरी त्याच्या पोटात चार प्रश्न आहेत, आणि ते वेगळे काढले नाहीत तर ही चर्चा नेहमीप्रमाणे 'आमची सेवा चांगली, तुमची वाईट' या वळणावर जाईल. नाणे अस्सल आहे की बनावट, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर हो किंवा नाही इतकेच असते आणि ते बरोबर की चूक हे पुढेमागे सिद्ध होऊ शकते. नाण्याच्या पृष्ठभागाशी कोणी खेळले आहे का, म्हणजे ते घासले, आम्लात बुडवले, छिद्र बुजवले किंवा कृत्रिम रंग चढवला आहे का, हा दुसरा. येथे उत्तर बहुधा असते, पण सीमारेषेवर धूसर असते. तिसरा प्रश्न आकड्याचा, म्हणजे ६३ की ६४. हे खरोखरच मत आहे. चौथा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: वरीलपैकी काही चुकले तर भरपाई कोण करणार आणि कोणत्या अटींवर?

एखादी सेवा पहिल्यात उत्तम आणि तिसऱ्यात सैल असू शकते. आपले दोन डॉलर फक्त तिसऱ्याबद्दल काही सांगतात. त्यावरून पहिल्या दोहोंविषयी निष्कर्ष काढू नये.

कोपरखळी:

पाचवा प्रश्न राहिला. पाठवलेले नाणे आपल्या हयातीत परत येते का?

मोजपट्टी:

माझा व्यवसाय मोजमापाच्या उपकरणांच्या तपासणीचा आहे, नाणी हा छंद. त्या धंद्यात 'विश्वासार्हता' या शब्दाचे दोन अर्थ आम्ही काटेकोरपणे वेगळे ठेवतो. तीच वस्तू पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येते का, हा एक. आलेले उत्तर खरे आहे का, हा दुसरा. दर वेळी पाच ग्रॅम जास्त दाखवणारा तराजू सातत्याचा असतो, पण खरा नसतो. प्रतवारीत 'खरी' प्रत आकाशातून पडलेली नसल्यामुळे दुसऱ्या अर्थाने बोलणे अवघड आहे. पहिल्या अर्थाने मात्र पूर्णपणे बोलता येते, आणि म्हणूनच 'विश्वासार्ह प्रत' हा शब्दप्रयोग फसवा नाही, असे मला वाटते. मत असले तरी ते स्थिर आहे की वाऱ्यावरचे, हे तपासता येतेच.

फक्त तपासताना एक सापळा टाळावा. समजा दोन परीक्षक नाण्याकडे न पाहताच प्रती वाटत आहेत आणि दोघेही शंभरातल्या साठ नाण्यांना ६४, तीसांना ६३ व दहांना ६५ देतात. केवळ योगायोगाने त्यांचे शेकडा ४६ वेळा जुळेल. त्यामुळे 'दोन सेवांचे निम्म्याहून अधिक वेळा एकमत होते' हे वाक्य ऐकायला भारदस्त असले तरी त्यात फारसे काही नाही.

अमेरिकेतल्या 'कॉइन वर्ल्ड' या नियतकालिकाने २००३ मध्ये असाच एक प्रयोग छापला होता. तीच नाणी वर्षभरात अनेक सेवांकडे फिरवली, आणि एकाही नाण्याच्या प्रतीवर सगळ्यांचे एकमत झाले नाही.

कडेची_नक्षी:

मोजपट्टी यांच्याशी मी नम्रपणे असहमत आहे. आपण प्रतीला मोजमाप समजता येथेच घोळ आहे, आणि त्या घोळाचा इतिहास जुना आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० ही श्रेणी मांडली ती अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी, आणि तिचा हेतू स्थिती मोजण्याइतकाच किंमत काढण्याचा होता. जेमतेम ओळखू येणारे नाणे १, आणि परिपूर्ण नाणे त्याच्या सत्तर पट किमतीचे, म्हणून ७०. बाजाराने ते गुणोत्तर लवकरच मोडीत काढले, पण आकडे मात्र राहिले. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७७ मध्ये ही श्रेणी सर्व नाण्यांसाठी छापली, तेव्हाही न वापरलेल्या नाण्यांना ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या होत्या. आज त्याच जागेत अकरा पायऱ्या आहेत, आणि २०१० पासून अधिकचिन्ह लावून त्यांच्याही मधल्या पायऱ्या काढल्या आहेत.

पायऱ्या वाढल्या म्हणून डोळे सुधारले नाहीत. तीन पायऱ्यांच्या जिन्यावर दोन माणसे सहज एका पायरीवर भेटतात. त्याच उंचीत वीस पायऱ्या काढल्या की चुकामूक ठरलेली. तेव्हा ६३ आणि ६४ मधली चुकामूक हा सेवेचा दोष मानायचा की श्रेणीचा, हे आधी ठरवावे.

शिवाय हे मी एकटाच म्हणतो असे नाही. पीसीजीएस या अमेरिकेतल्या प्रतवारी सेवेचे काम १९८६ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्येच फेडरल ट्रेड कमिशन या तेथील व्यापारविषयक सरकारी यंत्रणेने त्या संस्थेच्या जाहिरातींतल्या वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांवर आक्षेप घेतला. दोष मान्य न करता तडजोड झाली आणि जाहिरातींत खुलासा छापण्याचे ठरले. वस्तुनिष्ठतेचा दावा तेव्हाही वादाचा होता, आजही आहे.

मोजपट्टी:

श्रेणीचा दोष मान्य. तरीही एकाच श्रेणीवर दोन सेवा काम करीत असतील आणि त्यांतली एक स्वतःशी जास्त जुळत असेल, तर तो फरक श्रेणीचा नव्हे, सेवेचाच.

अनुभवी_भोळा:

मोजपट्टी यांच्या 'स्वतःशी जुळणे' या मुद्द्यावर माझा अनुभव सांगतो. सेवेचे नाव घेत नाही, कारण एका नाण्यावरून कोणाची अब्रू काढणे मला प्रशस्त वाटत नाही.

माझ्याकडे एक अर्धा डॉलर होता. पहिल्यांदा पाठवला तेव्हा एमएस ६३ होऊन आला. मला ती प्रत कमी वाटली म्हणून स्लॅब फोडून सहा महिन्यांनी पुन्हा पाठवला, तेव्हा ६४. येथे थांबायला हवे होते. पण माणसाला एकदा यश मिळाले की ते आपल्या बुद्धीचे आहे असे वाटू लागते. मी तो पुन्हा फोडला आणि ६५ च्या आशेने तिसऱ्यांदा पाठवला. या खेपेस तो 'साफ केलेला' असा शेरा घेऊन, आकड्याविनाच परत आला. नाणे तेच. मधल्या काळात ते कापसात गुंडाळून ठेवलेले होते, मी श्वाससुद्धा त्याच्यापासून लांब सोडत होतो.

त्या सेवेवर मी वर्षभर राग धरला. नंतर तिरप्या उजेडात ते नाणे फिरवून पाहिले, तेव्हा मोकळ्या भागात एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा दिसल्या. म्हणजे पहिले दोन निकाल चुकीचे होते आणि तिसरा बरोबर होता. या अनुभवावरून ती सेवा विश्वासार्ह ठरते की अविश्वासार्ह, हे मला आजही सांगता येत नाही.

कोपरखळी:

ती सेवा विश्वासार्ह आहे, फक्त तिला तीन वेळा शुल्क द्यावे लागते.

चाळणी:

अनुभवी_भोळा यांनी जे एका नाण्याचे केले, तेच हजारो लोक हजारो नाण्यांचे करतात, आणि त्याचा परिणाम आपण सर्वांनी नीट समजून घ्यायला हवा. ज्या नाण्याला त्याच्या योग्यतेपेक्षा वरची प्रत मिळाली, त्याचा मालक स्लॅबला हात लावत नाही. ज्याला खालची मिळाली, तो स्लॅब फोडतो आणि नाणे पुन्हा पाठवतो. वरची प्रत मिळेपर्यंत हे चालू राहते. म्हणजे परीक्षकांच्या चुका दोन्ही बाजूंना अगदी समसमान झाल्या, तरी बाजारात स्लॅबमध्ये उरणारी नाणी मात्र सैल प्रतीकडे झुकलेलीच असणार. ही चाळणी सेवेच्या हातात नाही, पण दोष तिच्या नावावर जमा होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, विक्रीस आलेले स्लॅब पाहून सेवेच्या शिस्तीचा अंदाज बांधणे म्हणजे चाळून उरलेल्या धान्यावरून पीक ठरवणे होय. दुसरी गोष्ट धागालेखकांच्या नव्या सेवेला लागू पडते: तिची नाणी अजून चाळलीच गेलेली नाहीत, म्हणून तिचे आजचे स्लॅब जुन्या सेवांपेक्षा नेटके दिसणे स्वाभाविक आहे. ते नेटकेपण दहा वर्षांनी मोजावे.

जाता जाता, सेवा कोणत्या प्रतीत किती नाणी आली याचे जे तक्ते प्रसिद्ध करतात, त्यांतही हीच घाण शिरते. फोडलेल्या स्लॅबची चिठ्ठी परत पाठवली नाही, तर एकच नाणे तक्त्यात तीन ठिकाणी मोजले जाते. अनुभवी_भोळा, आपण चिठ्ठ्या परत केल्या होत्या का?

अनुभवी_भोळा:

नाही. त्या ड्रॉवरमध्ये आहेत. आपण लाज आणलीत.

तराजू_आणि_भिंग:

चर्चा आकड्यावरच रेंगाळली आहे म्हणून पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे अस्सलतेकडे, वळतो. माझ्या मते सामान्य संग्राहकाला या सेवांचा खरा उपयोग तेथेच आहे.

सुट्या मॉर्गन डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम भरते, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी असल्याने घनता १०.३ च्या आसपास. हे तीन आकडे जुळले नाहीत की विषय संपतो आणि त्यासाठी कोणत्याही सेवेची गरज नाही. पण जुळले म्हणून नाणे अस्सल ठरत नाही. गेल्या शतकाच्या मध्यास लेबनॉनमध्ये ब्रिटिश सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्याच्या अशा नकला पाडल्या गेल्या की त्यांतले सोने पुरेपूर होते. तेथे तराजू मुका होतो आणि अक्षरांच्या कडा, आकड्यांची वळणे, डायवरचे (नाणे पाडण्याच्या ठशावरचे) खळगे यांवरच भिस्त ठेवावी लागते. १९१६ च्या डेन्व्हर टांकसाळीच्या डाइमचेही, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याचेही, तसेच आहे. ती नाणी २,६४,००० इतकीच पडली, म्हणून फिलाडेल्फिया टांकसाळीच्या, अक्षर नसलेल्या साध्या नाण्यावर डेन्व्हरचे 'डी' हे अक्षर चिकटवण्याचा उद्योग जुना आहे. नाणे सरकारी, धातू सरकारी, खोटे फक्त एक अक्षर. असे अक्षर ओळखायला त्या वर्षीच्या अस्सल डायांवर ते कोठे व कसे बसले होते हे माहीत असावे लागते, आणि ते ज्ञान संस्थेच्या संग्रही असलेल्या नोंदी, छायाचित्रे व तुलनेची नाणी यांतून येते. म्हणून नव्या सेवेला मी पहिला प्रश्न हाच विचारीन की तुमच्याकडे तुलनेसाठी काय आहे. परीक्षकाचा अनुभव किती वर्षांचा, हे नंतर.

आणि एक विसंगती लक्षात असू द्या. नाणे स्लॅबमध्ये गेले की आपण ते तोलू शकत नाही, आणि जुन्या घडणीच्या अनेक स्लॅबांत कडही दिसत नाही. ज्या तपासण्या आपल्या हातात होत्या त्या सोडून आपण शिक्का विकत घेतो.

रात्रपाळी:

शिक्काच बनावट असला तर? २००८ मध्ये पीसीजीएसने स्वतःच्या स्लॅबांच्या नकला बाजारात आल्याचा इशारा दिला होता, त्याच वर्षी एनजीसी या दुसऱ्या सेवेच्या स्लॅबांच्या नकलाही दिसल्या. त्यांवरचे प्रमाणपत्र क्रमांक खऱ्या नाण्यांचेच उचललेले असतात, त्यामुळे क्रमांक संकेतस्थळावर टाकून 'नोंद सापडली' एवढ्यावर समाधान मानणे व्यर्थ आहे. नोंदीबरोबर त्या विशिष्ट नाण्याचे छायाचित्र असेल आणि त्यातला प्रत्येक ओरखडा हातातल्या नाण्याशी जुळत असेल, तरच त्या तपासणीला अर्थ आहे. सेवा छायाचित्रे ठेवते की नाही, ती मोठी करून पाहता येतात की नाही, हा माझ्या मते निकषांच्या यादीत फार वर असायला हवा.

जुना_डाय:

इतका वेळ वाचत होतो. एका घटनेचा उल्लेख कोणीच केला नाही याचे नवल वाटते, कारण विश्वासार्हतेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

मॉर्गन डॉलरमध्ये न्यू ऑर्लिन्स टांकसाळीची १८९६, १९०० आणि १९०२ या वर्षांची काही नाणी अशी होती की त्यांवरचे टांकसाळीचे 'ओ' हे अक्षर नेहमीपेक्षा लहान होते. अनेक वर्षे ती दुर्मीळ वाण (पोटप्रकार) म्हणून गणली गेली, संग्राहकांनी हौसेने घेतली, सेवांनी त्यांना अस्सल म्हणून स्लॅबमध्ये बंद केले. पुढे अभ्यासकांनी बारकाईने पाहिले तेव्हा निरनिराळ्या वर्षांच्या या नाण्यांची मागची बाजू एकाच डायची निघाली, तेच दोष, त्याच जागी. २००५ मध्ये पीसीजीएसने ही तिन्ही वर्षांची नाणी त्या काळातच खाजगीरीत्या पाडलेल्या नकला असल्याचे जाहीर केले. १८९९ चे लहान 'ओ' मात्र अस्सलच आहे, त्याच्याशी गल्लत करू नये.

तज्ज्ञ चुकले, ते एकदा नव्हे तर वर्षानुवर्षे चुकले, आणि चूक उघड करताना त्यांना स्वतःच्याच स्लॅबांविरुद्ध बोलावे लागले. 'आम्ही चुकत नाही' असे म्हणणाऱ्या सेवेपेक्षा जिच्या जाहीर चुकांचा इतिहास मला वाचता येतो, ती सेवा मला जवळची वाटते. नव्या सेवेकडे असा इतिहास नसतो, हे तिचे वैगुण्य आहे, मग ती कितीही निर्दोष असो.

कडेची_नक्षी:

जुना_डाय यांच्याशी बहुतांशी सहमत. परंतु चूक कबूल करणे आणि चुकीची भरपाई करणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर हमीच्या बारीक अक्षरांत मोजले जाते. माझी सर्वांना विनंती आहे की कोणत्याही सेवेच्या मुखपृष्ठावरचा मजकूर सोडून थेट हमीच्या अटी वाचाव्यात. तांब्याच्या नाण्याचा रंग नंतर बदलला तर हमी लागू आहे का? चांदीच्या आधुनिक नाण्यांवर पुढे दुधाळ डाग उठले तर? चिठ्ठीवर वर्ष किंवा वाणच चुकीचा छापला गेला असेल, तर ती 'लेखनिकी चूक' म्हणून वगळली आहे का? बहुतेक ठिकाणी यांतले काही ना काही वगळलेलेच असते, आणि ते गैर आहे असे मी म्हणत नाही. तांबे हवेत काळवंडणारच. पण वगळलेल्या गोष्टींची यादी वाचली की सेवा कशाबद्दल स्वतःच ठाम नाही, ते कळते.

भरपाईची रक्कम कशी ठरते, नाण्याच्या आजच्या बाजारमूल्यावर की घोषित किमतीवर, आणि ते मूल्य ठरवणारा कोण, हेही तेथेच लिहिलेले असते. ज्या हमीत या दोन प्रश्नांची उत्तरे नाहीत, ती हमी नसून शुभेच्छा आहे.

भिंगवाला:

याच्या जोडीला पैसा कोठून येतो हे पाहावे. शुल्क देणारा नाणे पाठवणारा असतो आणि त्याला वरची प्रत हवी असते. नंतर विकत घेणाऱ्याला कडक प्रत हवी असते, पण तो शुल्क देत नाही. हे व्यंग सर्व सेवांत आहे. त्यावर उतारा म्हणून परीक्षकाला मालकाचे नाव न कळणे, एकाहून अधिक परीक्षकांनी एकमेकांचे मत न पाहता प्रत देणे, आणि परीक्षकांनी स्वतः नाण्यांचा व्यापार न करणे, ही बंधने असतात. ती कागदावर आहेत का हे विचारावे. मालकच मोठा विक्रेता असेल आणि स्वतःची नाणी स्वतःच्याच सेवेत घालून विकत असेल, तर 'त्रयस्थ' हा शब्द तेथे शोभेपुरता उरतो.

रात्रपाळी:

त्रयस्थ परीक्षकावर चौथा बसवण्याचा प्रयोगही झालेला आहे. जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये सीएसी सुरू केली. पीसीजीएस व एनजीसीच्या स्लॅबमधले नाणे पाहून ते आपल्या प्रतीत भक्कम वाटले तर हिरवा स्टिकर, वरच्या प्रतीच्या लायकीचे वाटले तर सोनेरी. २०२३ पासून त्यांनी स्वतःची प्रतवारीही सुरू केली आहे.

कोपरखळी:

म्हणजे आता त्या स्लॅबवर कोणाचा स्टिकर लावायचा, हा प्रश्न निर्माण झाला.

देखरेख:

विनोद स्वागतार्ह आहेत. मात्र स्वतःच्या तक्रारी मांडताना सेवांची वा विक्रेत्यांची नावे घेऊ नयेत, या नियमाची पुन्हा आठवण करून देतो.

सुटे_नाणे:

सर्वांचे आभार. मधल्या काळात गप्प होतो, कारण एक लहानसा प्रयोग हाती घेतला होता आणि त्याचा निकाल कालच आला. ज्यांचे उत्तर मला आधीच ठाऊक आहे, अशी तीन स्वस्त नाणी मी त्या नव्या सेवेकडे पाठवली. पहिले मी स्वतःच उमेदवारीच्या काळात खाण्याच्या सोड्याने घासलेले. दुसरे रासायनिक द्रावणात नको तितका वेळ राहिलेले, त्यामुळे त्याची फिरती झळाळी मेलेली. तिसरे कोणीही हात न लावलेले, ज्याला मी कागदावर आधीच ६३ लिहून ठेवले होते.

सोड्याचे नाणे 'साफ केलेले' या शेऱ्यासह आले. तिसऱ्याला ६३ मिळाले. दुसऱ्याला मात्र कोणताही शेरा न देता सरळ ६२ दिले आहे. याचा अर्थ मी कसा लावावा?

मोजपट्टी:

आधी तीन नाण्यांना काय अर्थ आहे ते पाहू. समजा एखादी सेवा दहापैकी सातच वेळा बरोबर असते, म्हणजे सामान्य कुवतीची आहे. तिच्याकडे पाच नाणी पाठवली तरी पाचही बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. म्हणजे सहापैकी एका वेळी ती पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल. दहा नाणी पाठवली तर ती शक्यता तीन टक्क्यांवर येते. पण दहापैकी नऊ वेळा बरोबर असणारी चांगली सेवासुद्धा दहाच्या दहा बरोबर देण्याची शक्यता ३५ टक्केच आहे, म्हणून 'एकही चूक चालणार नाही' ही कसोटी चांगल्यालाच जास्त छळते. आपल्या तीन नाण्यांवरून निकाल देता येणार नाही. तरीही, उत्तर माहीत असलेली नाणी पाठवण्याची आपली पद्धत मला येथे सुचलेल्या सर्व पद्धतींत सरस वाटते.

जुना_डाय:

द्रावणात बुडवलेले नाणे ही सीमेवरची गोष्ट आहे. थोडा वेळ बुडवलेली असंख्य चांदीची नाणी बाजार निमूटपणे स्वीकारतो आणि सर्वच सेवा त्यांना सरळ प्रत देतात. नको तितकी बुडवलेली कोठे सुरू होतात, यावर दोन परीक्षकांचे भांडण होऊ शकते. तेव्हा ६२ ही कदाचित चूक नसून 'झळाळी कमी म्हणून प्रत कमी' असा त्यांचा हिशेब असेल. त्यांना विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत पाहा.

सुटे_नाणे:

विचारले. मोठ्या छायाचित्रासह कारणे लिहून पाठवली. दोन दिवसांत उत्तर आले की नाणे त्याच स्लॅबमध्ये परत पाठवावे, दुसरे परीक्षक पाहतील, टपालखर्च त्यांचा. चूक आहे असे ते म्हणाले नाहीत, नाही असेही म्हणाले नाहीत.

मला शंका एवढीच आहे की त्याच लोकांनी बंद केलेले नाणे त्याच लोकांना, त्यांच्याच चिठ्ठीसह पुन्हा दाखवण्यात काय हशील? स्लॅब फोडून नव्या नावाने पाठवले तर निःपक्षपाती उत्तर मिळेल, असे वाटते.

कडेची_नक्षी:

कृपया फोडू नका. आपण हमीच्या अटी वाचल्या असतील तर तेथे स्पष्ट लिहिलेले असेल की हमी त्यांच्या बंद स्लॅबमधल्या नाण्याला आहे. स्लॅब फुटला की ते नाणे त्यांच्या लेखी कोणाचेही असू शकते, आणि आपली तक्रार तेथेच संपते. निःपक्षपाती मत हवे असेल तर ते दुसऱ्या सेवेकडून घ्या; या सेवेकडून मात्र आपल्याला मत नको आहे, ती आपली चूक कशी हाताळते हे पाहायचे आहे.

सुटे_नाणे:

पटले. उद्या जसेच्या तसे पाठवतो. जाताना स्लॅबचे सर्व बाजूंनी छायाचित्र काढून ठेवीन.

अनुभवी_भोळा:

काढाच. आणि मी आजच ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या पाकिटात घातल्या आहेत. तक्त्यातून माझी दोन नाणी कमी होतील.

कोपरखळी:

म्हणजे उरलेल्या नाण्यांची दुर्मिळता आज किंचित वाढली. आपले अभिनंदन करावे की आपल्यावर संशय घ्यावा?